श्रवण कक्ष आणि तालमीचे सभागृह : स्टिरिओ तपासणीच्या नोंदी

ठिकाण : फोंडा तालुक्यातील एका गावचे वाचनालय. पुढच्या खोलीत श्रवण कक्ष, मागे नाटकाच्या तालमींचे सभागृह.
सामान : ३२ ओहमचे आठ हेडफोन, ते जोडण्याचा वितरण अ‍ॅम्प्लिफायर, स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर, ८ ओहमचे दोन बुकशेल्फ स्पीकर, तबकडी वाजवण्याचा टर्नटेबल. सभागृहात मिक्सर आणि दोन पॉवर्ड स्पीकर.
तक्रार : ‘गाण्यात पेटी-तबला ऐकू येतो, गाणाराच हरवतो.’ शिवाय ‘एका कानात कमी’, ‘आवाज एकीकडे ओढतो’ या नेहमीच्या.

५ मे

स्क्रू-ड्रायव्हर हातात घेण्याआधी चाचणीची फाइल तयार केली. गाणे लावून स्टिरिओ तपासता येत नाही. गाण्यात कोणते वाद्य कुठे ठेवले आहे हे माहीत नसते, त्यामुळे दोष यंत्रात आहे की ध्वनिमुद्रणच तसे आहे, हे ठरत नाही.

फाइल ऑडॅसिटी या ध्वनी-संपादनाच्या प्रोग्रॅममध्ये केली. ४८,००० हर्ट्झ, १६ बिट, डब्ल्यूएव्ही. दोन ध्वनींमध्ये दोन सेकंद शांतता. क्रम असा :

१. ‘डावा’ हा शब्द, फक्त डाव्या बाजूला.
२. ‘उजवा’, फक्त उजव्या बाजूला.
३. ‘मधोमध’, दोन्हींकडे तंतोतंत सारखा.
४. ‘उलट’, दोन्हींकडे सारखाच, पण उजव्या बाजूची लहर इन्व्हर्ट, म्हणजे वरची खाली, केलेली.
५. पिंक नॉइज (खर्जापासून तारापर्यंत सगळे सूर मिसळलेला सळसळाट), दोन्हींकडे सारखा, अर्धा मिनिट.
६. १०० हर्ट्झचा सूर, उणे १२ डेसिबल, एक मिनिट.
७. २० ते २,००० हर्ट्झ असा हळू चढणारा सूर.

पहिल्या चारांत बीप न घालता माणसाचा आवाज मुद्दाम घेतला. बोलणे नेमके कुठून येते हे कान चटकन ओळखतो. एकसुरी बीपच्या बाबतीत, विशेषतः खोलीत, फसगत होते. तयार फाइल पुन्हा ऑडॅसिटीत उघडून लहरी डोळ्यांनी पाहून घेतल्या : वरची पट्टी डावी, खालची उजवी. ‘डावा’ शब्दाच्या वेळी खालची पट्टी सपाट असलीच पाहिजे.

खरी मदत तिसऱ्या आणि चौथ्या ध्वनीची होते. सुस्थितीतल्या हेडफोनमध्ये ‘मधोमध’ डोक्याच्या मध्यभागी एका ठिपक्यासारखा बसतो, तर ‘उलट’ला जागाच राहत नाही, तो दोन्ही कानांकडे फाकतो. हे दोन ध्वनी कसे ऐकू येतात एवढ्यावरून निम्मे दोष उघडझाप न करता सांगता येतात.

६ मे

आधी ध्वनीचा उगम. लॅपटॉप आणि फोन दोन्ही तपासले. फोनच्या सुलभता सेटिंगमध्ये ‘मोनो ऑडिओ’ (दोन्ही बाजूंची बेरीज करून एकच आवाज) चालू सापडले. त्याच पानावरची डावी-उजवी पट्टीही थोडी सरकलेली होती. मोनो चालू असताना ‘डावा’ दोन्ही कानांत सारखा येतो आणि ‘उलट’ पूर्ण गप्प होतो, कारण दोन विरुद्ध लहरी बेरजेत शून्य होतात. एका कानाने कमी ऐकू येणाऱ्यांसाठी ही सोय फार मोलाची आहे. वाचनालयात असे वाचक येतात, म्हणून ती कायमची बंद न ठेवता चाचणीआधी पाहायच्या गोष्टींत लिहून ठेवली.

लॅपटॉपवर ‘थ्रीडी’, ‘सराउंड’ अशा नावांचे इफेक्ट बंद केले. ते लहरींची सुलट-उलट मुद्दाम बदलतात, त्यामुळे तिसरा-चौथा ध्वनी निरुपयोगी होतो.

ब्लूटूथ हेडफोनसाठी वेगळी नोंद : मीटिंगचे अ‍ॅप उघडे राहिले आणि हेडफोनचा माइक चालू झाला की जुन्या पद्धतीचे ब्लूटूथ हँड्सफ्री प्रकारावर उतरते. तो मोनो असतो आणि टेलिफोनसारखा बारीक वाजतो. हेडफोन बिघडलेला नसतो. अ‍ॅप बंद करून स्टिरिओ आउटपुट निवडले की झाले.

८ मे

हेडफोन. प्रत्येकाला रंगीत चिकटपट्टीने क्रमांक दिला, फाइल ऐकवली, मग मल्टिमीटर.

३.५ मिमीच्या तीन भागांच्या पिनवर टोक म्हणजे डावा, मधली रिंग म्हणजे उजवा, मुळाकडची स्लीव्ह म्हणजे दोघांची सामाईक परतीची वाट. ३२ ओहमचा हेडफोन मल्टिमीटरवर नेमका ३२ दाखवेलच असे नाही. आपले चांगले नग ३३च्या आसपास दाखवतात. टोक ते स्लीव्ह ३३, रिंग ते स्लीव्ह ३३, टोक ते रिंग ६६. हे तीन आकडे जुळले की वायरिंग ठीक. मीटरची टोके टेकवताना हेडफोन डोक्यावर ठेवावा, ज्या बाजूत ‘टक्’ होते ती बाजू जोडलेली आहे हे कानालाही कळते.

तीन क्रमांकाचा : उजवा बंद. रिंग ते स्लीव्ह उघडे. पिनच्या मानेपाशी वायर वाकवली की आकडा येतो-जातो. हेडफोनच्या वायरी बहुतेक इथेच तुटतात. रबरी मान ताठ आणि पुढची वायर मऊ असल्याने सगळा वाक एकाच जागी पडतो.

पाच क्रमांकाचा : हीच ती ‘गाणारा हरवतो’ तक्रार. ‘मधोमध’ जवळजवळ गप्प, ‘उलट’ मात्र स्पष्ट. ‘डावा’ दोन्ही कानांत, पण क्षीण. मीटरवर टोक-स्लीव्ह उघडे, रिंग-स्लीव्ह उघडे, टोक-रिंग ६६. म्हणजे स्लीव्हची वायर तुटली आहे. परतीची वाट नसल्याने दोन्ही बाजूंचे पडदे एकापाठोपाठ एक जोडले गेले आणि त्यांना डावा वजा उजवा एवढेच मिळू लागले. गायकाचा आवाज ध्वनिमुद्रणात बहुधा मधोमध, दोन्हींकडे सारखा असतो. वजाबाकीत नेमका तोच जातो. बाजूची वाद्ये आणि प्रतिध्वनी उरतात. पिन सॉकेटमध्ये अर्धवट बसली तरी असेच होते, म्हणून आधी पिन टक् करून पूर्ण आत ढकलून पाहावी.

सात क्रमांकाचा : पाचच्या बरोबर उलट. ‘मधोमध’ छान, ‘उलट’ गप्प, ‘डावा’-‘उजवा’ दोन्ही दोन्हींकडे. टोक-रिंग शून्य, टोक-स्लीव्ह १६.५. पूर्वी कोणीतरी पिन बदलताना टोक आणि रिंगचे सोल्डर एकमेकांना टेकले आहे. असा हेडफोन अ‍ॅम्प्लिफायरच्या दोन्ही आउटपुटना एकमेकांशी भिडवतो, म्हणून दुरुस्तीपर्यंत कपाटात बंद.

दोन क्रमांकाचा : आकडे बरोबर, तरी डावा ‘पातळ’. डाव्या गादीचे कृत्रिम चामडे पापुद्रे सुटून फाटलेले. कानाभोवतीची फट राहिली की खर्ज निसटतो आणि ऐकणाऱ्याला ती बाजू हळू वाटते. आपल्याकडच्या दमट हवेत पॉलियुरेथेनच्या गाद्या अशाच विरतात. गाद्या जोडीने बदलाव्यात. एकच नवी घातली तर दोन बाजूंचा सूर वेगळा लागतो.

चार भागांच्या पिनचे मोबाइल हेडसेट वितरण अ‍ॅम्प्लिफायरला लावू नयेत. त्यातल्या नव्या पद्धतीत ग्राउंड, म्हणजे परतीची वाट, दुसऱ्या रिंगवर आणि माइक स्लीव्हवर असतो. जुन्या पद्धतीत उलटे. न जुळणाऱ्या सॉकेटमध्ये पाच क्रमांकासारखाच आवाज येतो. वायरवरचे बटण दाबून धरल्यावर गाणारा परत आला, तर हाच घोळ समजावा : बटण माइकची वाट ग्राउंडला जोडते.

९ मे

तीन, पाच आणि सातला नव्या पिना. जुन्या पिनपासून ३ सेंमी वायर कापून टाकली. नव्या पिनचे झाकण आणि हीट-श्रिंक (तापवल्यावर आक्रसणारी) नळी आधी वायरीत ओवली. सोल्डर झाल्यावर ती आठवली तर सगळे पुन्हा.

या वायरी साध्या तांब्याच्या नाहीत. केसासारखे तंतू, प्रत्येकावर रंगीत लाखेचा थर, मध्ये बळकटीसाठी धागा. ब्लेडने खरवडले तर तंतूच तुटतात. सोल्डरिंग आयर्न ३८० अंशांच्या आसपास ठेवून, टोकावर ताज्या सोल्डरचा थेंब घेऊन त्यात वायरचे टोक दोन-तीन सेकंद बुडवले. लाख जळते, धूर निघतो, मग सोल्डर तंतूंवर चढताना दिसते. चढले नाही तोवर पिनला लावू नये, वरून चिकटल्यासारखे दिसते आणि आठवड्यात सुटते. खिडकी उघडी ठेवली.

आपल्या नगांत लाल म्हणजे उजवा, हिरवा म्हणजे डावा, तांबडसर उघडी म्हणजे ग्राउंड. निळा डाव्यासाठी वापरणारेही आहेत, त्यामुळे रंगावर न विसंबता सोल्डर करण्याआधी मीटरची ‘टक्’ ऐकून बाजू पक्की केली. तिघांचेही आकडे ३३, ३३, ६६ आले, फाइल स्वच्छ वाजली.

१३ मे

श्रवण कक्षातले स्पीकर. ‘मधोमध’ लावला, दोघांच्या मध्ये बसून ऐकला. आवाज मध्ये एकवटत नाही. ‘उलट’ मात्र जास्त भरीव वाटतो. पिंक नॉइजमध्ये खर्ज नाही. स्पीकर एकमेकांसमोर अर्ध्या हातावर आणले तेव्हा खर्ज आणखी गेला. एक स्पीकर उलटा जोडला आहे हे नक्की.

अ‍ॅम्प्लिफायर बंद करून वायरी सोडवल्या. मागची लाल-काळी जोडणी दोन्हींकडे बरोबर दिसत होती. मग १.५ व्होल्टचा सेल : धन टोक लाल टर्मिनलला, ऋण काळ्याला, क्षणभर टेकवायचे. वूफरचा (खर्जाच्या मोठ्या स्पीकरचा) कोन बाहेर आला पाहिजे. डाव्याचा बाहेर आला, उजव्याचा आत गेला. पेटी उघडल्यावर आतल्या टर्मिनलवरच्या दोन वायरी अदलाबदल सापडल्या. त्या सरळ केल्या.

सेलने फक्त वूफर तपासावा. ट्विटरला (उंच सुरांच्या छोट्या स्पीकरला) मालिकेत कपॅसिटर असतो, त्यामुळे पेटीच्या टर्मिनलवरून त्याला सेल लागत नाही, आणि सुटा काढून थेट लावला तर त्याची बारीक कॉइल धोक्यात येते. नऊ व्होल्टची बॅटरी कशालाच नको. अजून एक : आत ट्विटर वूफरच्या उलट जोडलेला दिसला तर तो ‘दुरुस्त’ करू नये. काही क्रॉसओव्हरमध्ये (सूर वूफर-ट्विटरमध्ये वाटणाऱ्या सर्किटमध्ये) तो मुद्दाम उलटा ठेवतात, म्हणजे दोघांच्या सीमेवरच्या सुरांत खड्डा पडत नाही. दोन्ही पेट्यांत सारखेच असेल तर ते तसेच राहू द्यावे. आपल्याकडे दोन्हींत ट्विटर उलटे आहेत, तसेच ठेवले.

अनुभवी हातही घाईत दोन्ही स्पीकरच्या वायरी उलटवून मोकळे होतात. तसे केले की फरक शून्य. उलटायचा तो एकच.

१५ मे

सुलट झाल्यावर ‘मधोमध’ एकवटला, पण मध्यापासून डावीकडे. पाळी आली पातळी मोजण्याची.

१०० हर्ट्झचा सूर लावून अ‍ॅम्प्लिफायरच्या टर्मिनलवर एसी व्होल्ट मोजले. १,००० हर्ट्झ घेतला नाही, कारण साधे मल्टिमीटर घरगुती ५० हर्ट्झसाठी बनलेले असतात आणि चारशेच्या वर बरेचसे भरवशाचे राहत नाहीत. डावा २.०० व्होल्ट, उजवा १.६० व्होल्ट. फरक १.९ डेसिबल. एवढ्याने मधला आवाज सरकतो.

दोष कोणाचा हे अदलाबदलीने ठरवले. लॅपटॉपकडून येणाऱ्या दोन आरसीए पिना एकमेकांच्या जागी लावल्या : कमी व्होल्ट उजवीकडेच राहिले. म्हणजे लॅपटॉप आणि वायर सुटले, अ‍ॅम्प्लिफायर उरला. आवाज वाढवत नेला तसा फरक कमी झाला, आणि बटण फिरवताना खरखर. व्हॉल्यूमच्या दुहेरी पॉटचा (बटणामागच्या कमी-जास्त होणाऱ्या रेझिस्टरचा) हा ओळखीचा दोष आहे : एकाच दांड्यावरचे दोन पट्टे, विशेषतः खालच्या टप्प्यात, सारखे चालत नाहीत, त्यात वर्षानुवर्षांचा ओलावा.

प्लग काढून, पॉटच्या मागच्या फटीत इलेक्ट्रॉनिक कॉन्टॅक्ट क्लीनरचा छोटा फवारा, मग बटण या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस-पंचवीस वेळा फिरवणे, पूर्ण वाळू देणे. कुलपा-बिजागरीत मारायचा तेलकट स्प्रे इथे वापरू नये. त्याचा थर राहतो आणि धूळ धरतो. नंतरचे आकडे २.०० आणि १.९२, म्हणजे ०.४ डेसिबलच्या आत. चालेल.

मोजताना एक खबरदारी. काही अ‍ॅम्प्लिफायरमध्ये काळे टर्मिनल ग्राउंड नसते, त्यावरही आवाज असतो. डाव्या-उजव्याचे काळे टर्मिनल एकत्र जोडायचे नाहीत, चेसिसलाही लावायचे नाहीत.

१९ मे

जागा. स्पीकरमध्ये २ मीटर, प्रत्येकापासून खुर्ची २ मीटर. टेपने मोजून दोन्ही अंतरांतला फरक २ सेंमीच्या आत आणला. सध्याच्या ३० अंशांत आवाज सेकंदाला साधारण ३४९ मीटर जातो, म्हणजे मिलिसेकंदाला ३५ सेंमी. खुर्ची एवढी एका बाजूला सरकली की तिकडचा आवाज एक मिलिसेकंद आधी पोचतो, आणि पातळी सारखी असूनही कान आधी पोचणाऱ्याकडे झुकतो. बॅलन्सचे बटण फिरवून हे खरे सुधारत नाही.

खोलीची अडचण वेगळी. डावीकडे पुस्तकांची काचेची कपाटे, उजवीकडे बाल्कांवात (दारापुढच्या उघड्या ओसरीत) उघडणारे दार. डावीकडून टणक परावर्तन, उजवीकडून काहीच नाही. वायरी अदलाबदल केल्या तरी ओढ डावीकडेच राहिली, त्यामुळे दोष खोलीचा. कपाटांच्या काचेवर, आवाज जिथे आदळून खुर्चीकडे येतो तिथे जाड कापडी पडदा. ती जागा शोधायला आरसा : एकाने खुर्चीत बसावे, दुसऱ्याने काचेवर आरसा सरकवावा, ज्या जागी आरशात डावा स्पीकर दिसतो तिथे पडदा.

२३ मे

सभागृह. इथेही गाणाराच हरवतो, पण हेडफोनशी संबंध नाही. लॅपटॉपच्या ३.५ मिमी सॉकेटमधून निघालेली वायर दुसऱ्या टोकाला तीन भागांची मोठी, ६.३५ मिमीची पिन होऊन मिक्सरच्या एका मोनो इनपुटमध्ये गेली होती. मिक्सरचे ते इनपुट बॅलन्स्ड आहे : टोकावरच्या लहरीतून रिंगवरची लहर वजा करणे हेच त्याचे काम. मायक्रोफोनच्या लांब वायरीतली गुणगुण त्यामुळे जाते. त्याला स्टिरिओ दिला की ते डाव्यातून उजवा वजा करते. नाट्यगीताचा साथीचा ट्रॅक लावला की ऑर्गन हलका, गायक गायब. पाच क्रमांकाचा हेडफोन आणि हे मिक्सर, एकच गणित.

पिना सगळ्या व्यवस्थित बसतात, काही तापत नाही, काही जळत नाही, म्हणून हा दोष वर्षानुवर्षे टिकतो. आधी गायकाला, मग ट्रॅकला, शेवटी स्पीकरला दोष दिला जातो.

उपाय दोन. एक, ३.५ मिमी स्टिरिओपासून दोन वेगळ्या दोन-भागी मोठ्या पिना, दोन चॅनलमध्ये, पॅन (आवाज डावी-उजवीकडे सरकवण्याचे बटण) एकाचा पूर्ण डावीकडे, दुसऱ्याचा पूर्ण उजवीकडे. दोन, एकच चॅनल मोकळा असेल तर बेरजेची वायर : टोक आणि रिंग दोन्हींतून प्रत्येकी १ किलोओहमचा पाव वॉटचा रेझिस्टर, त्यांची दुसरी टोके एकत्र करून मोठ्या पिनच्या टोकाला, स्लीव्ह स्लीव्हला. मोठ्या पिनच्या पोटात दोन्ही रेझिस्टर मावतात. रेझिस्टर गाळून टोक-रिंग थेट जोडणे म्हणजे लॅपटॉपची दोन आउटपुट एकमेकांवर ढकलणे, ते नको.

सभागृहासाठी दुसरीच वायर बनवली. बाजूच्या रांगेत बसलेल्याला एकच स्पीकर ऐकू येतो. स्टिरिओ ठेवला तर त्याला अर्धेच गाणे मिळते. नाटकात शब्द पोचला पाहिजे, म्हणून इथे मोनोच योग्य. या वायरीवर ‘उलट’ ध्वनी गप्प होणारच, तो दोष नाही. तशी चिठ्ठी वायरीला बांधली.

माइकच्या वायरींच्या दोन्ही टोकांच्या तीन-तीन पिना मीटरने तपासल्या : १ ते १, २ ते २, ३ ते ३. एका वायरीत २ आणि ३ अदलाबदल. एकटी वापरली तर काहीच कळत नाही. घुमट (मातीचे तालवाद्य) वाजवून होणाऱ्या आरतीला दोन माइक जवळजवळ लावले आणि त्यातला एक या वायरीवर गेला, की घुमटाचा घुमारा जातो आणि नुसती थाप उरते. सोल्डर सोडवून सरळ केली.

२८ मे

टर्नटेबल. इथे स्टिरिओची अपेक्षाच तपासून घ्यावी लागते. ४५ अंशांच्या दोन भिंतींत दोन बाजू कोरण्याची कल्पना अ‍ॅलन ब्लुमलाइन यांच्या १९३१च्या पेटंटमध्ये आहे, पण स्टिरिओ तबकड्या बाजारात आल्या त्या १९५०च्या दशकाच्या शेवटी. मास्टर दीनानाथ १९४२ साली गेले. त्यांचे सगळे मुद्रण मोनो. केसरबाई केरकरांच्या ७८ आरपीएमच्या तबकड्याही मोनो. त्यांत ‘डावे-उजवे नीट नाही’ ही तक्रारच लागू होत नाही.

पण कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग) तपासायला मोनो तबकडीसारखे साधन नाही. संगीत दोन्ही बाजूंना सारखे, म्हणून ते मधोमध एका जागी यायला हवे. धुळीची कडकड मात्र इकडे-तिकडे पसरलेली असते. आपल्याकडे नेमके उलट : संगीत फाकलेले, कडकड मध्ये. अ‍ॅम्प्लिफायर मोनोवर केला तर गाणे जवळजवळ नाहीसे. कार्ट्रिजच्या चार पिनांत पांढरी डावा, निळी डाव्याचे ग्राउंड, लाल उजवा, हिरवी उजव्याचे ग्राउंड. लाल-हिरवी अदलाबदल होती. पिनेवरची क्लिप चिमट्याने हळू ओढून बदलली. इथे आयर्न लावायचा नाही, उष्णता थेट आतल्या कॉइलपर्यंत जाते.

जुन्या तबकड्यांचे डिजिटल रूप करताना मुद्रण स्टिरिओत घ्यावे, मग दोन्ही बाजूंची बेरीज करून मोनो करावे. सुई खालीवर हलल्याने येणारा आवाज दोन बाजूंना विरुद्ध असतो, बेरजेत तो बराच जातो. ७८च्या रुंद खाचेला सुमारे ३ मिल, म्हणजे ७५ मायक्रॉन टोकाची सुई लागते. एलपीची बारीक सुई खाचेच्या तळाशी घसरते आणि नुसती खरखर देते.

४ जून

पावसाआधीची शेवटची फेरी. स्पीकरच्या वायरींच्या टोकांवर हिरवा कळंक आलेला. प्रत्येक टोक १ सेंमी कापून तांबे नव्याने सोलले. स्क्रूखाली जाणाऱ्या टोकांना सोल्डर लावला नाही : सोल्डर मऊ, दाबाखाली सावकाश पसरतो आणि स्क्रू ढिला पडतो. त्याऐवजी दाबून बसवायच्या टोप्या.

सॉकेट आणि पिना ९९ टक्के आयसोप्रोपाइल अल्कोहोलने, कापसाने नव्हे तर तंतू न सोडणाऱ्या कापडाने पुसल्या. पॉलिश पेपर वर्ज्य. मुलामा एकदा गेला की पुढच्याच पावसात गंज.

हेडफोन झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, सोबत सिलिका जेल. नारिंगी दाणे हिरवे झाले की ओव्हनमध्ये सुमारे १२० अंशांवर दोन तास, पुन्हा नारिंगी.

९ जून

सगळ्यांवर फाइल पुन्हा. सातपैकी सातही हेडफोन, दोन्ही स्पीकर, टर्नटेबल आणि सभागृहाची वायर ठीक.

आठ क्रमांकाचा बाकी. चारही शब्द बरोबर, तीनही आकडे बरोबर, पण चढत्या सुरात १८०-२०० हर्ट्झला डाव्यात फरफर. जाळी काढून पाहिली, पडद्यावर बारीक केस अडकलेला दिसतो. मऊ ब्रशने निघाला नाही तर डावा-उजवा दोन्ही ड्रायव्हर जोडीनेच बदलायचे. एकच बदलला तर सुराचा तोल पुन्हा जाईल.

व्हॉल्यूम पॉट सप्टेंबरमध्ये, पाऊस ओसरल्यावर पुन्हा मोजायचा. फरक १ डेसिबलच्या वर गेला तर साफसफाई न करता नवा दुहेरी लॉग पॉट. ओहमचा आकडा जुन्यावर छापलेला आहे, तो पाहूनच आणावा. लॉगच्या जागी लिनिअर (फिरवू तसा सम प्रमाणात बदलणारा) आला तर बटणाच्या पहिल्या पाव फेऱ्यातच आवाज अंगावर येतो.